कर्जदाराचा हक्क : तुमसरच्या कुटुंबांस चार शब्द



मृगाचे पाणी पडून धुऱ्यांवर हिरवळ दिसू लागली, पऱ्हे टाकून झाले, की तुमसर तालुक्यातील घराघरांत एकच विवंचना सुरू होते. रोवणीची मजुरी कोठून आणावी? खताची पिशवी कोणाच्या नावावर उचलावी? मुलाची फी, मुलीचे बाळंतपण, म्हाताऱ्याचे औषधपाणी हे खर्च तर हंगाम पाहून येत नाहीत. मग सोसायटीचे कर्ज असतानाच सावकाराकडे पाऊल वळते. सावकाराचे व्याज भागविण्यासाठी घरातील बाई गटाचे कर्ज उचलते, आणि गटाचा हप्ता चुकू नये म्हणून पोरगा हातातल्या मोबाईलवर एक बोट दाबून पाच हजार रुपये आणखी उचलतो. एका घरात अशी चार कर्जे नांदतात. नवल असे की, त्या चारांची एकत्र बेरीज घरातील एकाही माणसाने केलेली नसते. नवऱ्याचे कर्ज बायकोस ठाऊक नसते, आणि बायकोच्या गटाचा हप्ता थकला आहे ही गोष्ट वसुलीचा माणूस दारात उभा राहीपर्यंत नवऱ्याच्या कानी जात नाही.

या मौनाविषयीच आज आपणांशी बोलावयाचे आहे. माझे मत मी आरंभीच स्पष्ट सांगतो. आपल्या घरांची जेवढी हानी कर्जाने होते, त्याहून अधिक हानी कर्ज लपविल्याने होते. कर्जातून वाट काढण्यासाठी फुकट सल्ला, फुकट वकील आणि फुकट मध्यस्थी मिळविण्याचा अधिकार कायद्याने आपल्या पदरात टाकलेला आहे. तो न वापरणे म्हणजे घरात धान्याची कणगी भरलेली असताना उपाशी झोपणे होय.

कर्जाची लाज वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती लाज कोठून आली याचा विचार आपण केला पाहिजे. ज्याच्याजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते, ज्यास बँकेच्या ओट्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्याने मालगुजाराकडे किंवा सावकाराकडे हात पसरला, यात त्याचा दोष कोणता? धान पिकविणाऱ्यास पेरणीपूर्वी पैसा लागतो आणि तो हाती येतो कापणी व चुरणी झाल्यावर. मधल्या पाच महिन्यांची तोंडमिळवणी करण्यासाठी कर्ज लागणारच. मोठमोठे कारखानदार कर्ज काढतात, राज्यसरकारे कर्ज काढतात, आणि त्याची माहिती अर्थसंकल्पात उघडपणे छापली जाते. मग चिखल्याच्या किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीवर राबणाऱ्या कंत्राटी मजुराने आपले कर्ज तोंड लपवून का फेडावे?

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, निर्दोष आचरणाचे सुख, आणि या तिहींच्या सोबतीला ऋण नसण्याचे सुख. अंगुत्तर निकायात दुसऱ्या एका ठिकाणी दारिद्र्य, त्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि पाठलागातून बंधन अशी दुःखाची साखळीच त्यांनी मांडून दाखविली आहे. ऋणको पापी आहे असे तेथे म्हटलेले नाही. कर्ज हे दुःख आहे, त्याला कारणे आहेत, आणि कारणे आहेत म्हणूनच त्यावर उपाय आहे, हाच त्यातला बोध. वैद्याकडे जाण्यास जो लाजतो त्याचा आजार बरा होत नाही. कर्जाचेही तसेच आहे.

हा उपाय काही आजच निघालेला नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुपे येथून सुरू झालेल्या त्या दंग्यात त्यांनी मुख्यतः एकच वस्तू हुडकून जाळली, ती म्हणजे कर्जरोखे. आपल्या अंगठ्याच्या ठशाखाली काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी कागदच जाळला. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय झाला हे तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. आपला भंडारा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. या प्रांताने १९३३ साली कर्ज-समेटाचा कायदा केला. त्यान्वये नेमलेल्या मंडळांपुढे ऋणको व धनको समोरासमोर बसत, सावकारास आपले येणे मांडावे लागे, आणि फेडता येईल अशा हप्त्यांवर तडजोड होई. लगेच १९३४ साली सावकारांनी रीतसर हिशेब ठेवावा व तो ऋणकोस द्यावा असा कायदा झाला. म्हणजे आपल्या आज्यापणज्यांच्या काळीच एक तत्त्व मान्य झाले होते. ते तत्त्व असे की, कर्ज हा दोन माणसांमधील खासगी अंधार नाही, त्यावर तिसऱ्या तटस्थ माणसाने दिवा धरला पाहिजे. ती जुनी मंडळे गेली. दिवा मात्र विझलेला नाही. तो कोठे ठेवला आहे एवढेच आपणांस माहीत करून घ्यावयाचे आहे.

प्रथम हे ओळखा की, आपला धनको कोण आहे. कारण प्रत्येक धनकोस वेगळा कायदा लागू आहे आणि प्रत्येकाविरुद्धचे दार वेगळे आहे.

पहिला धनको गावातला किंवा बाजारपेठेतला सावकार. त्यास २०१४ सालचा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू होतो. परवान्यावाचून व्याजाचा धंदा करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परवानाधारक सावकारासही मनास येईल ते व्याज घेता येत नाही. शासनाने ठरविलेले दर असे आहेत : शेतकऱ्यास तारण कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांस तारण कर्जावर १५ व विनातारण कर्जावर १८ टक्के. आता आपल्याकडे बोलले जाणारे 'शेकडा पाच' म्हणजे काय ते हिशेबाने पाहा. ते महिन्याचे आहे. दहा हजारांवर महिन्यास ५०० म्हणजे वर्षास ६,००० रुपये. शेकडा ६० टक्के! कायद्याप्रमाणे त्याच रकमेवर विनातारण कर्जासाठी शेतकऱ्याने वर्षास १,२०० व इतर कोणी १,८०० रुपयेच द्यावयाचे आहेत. शेकडा पाचच्या दराने विसाव्या महिन्यात व्याज मुद्दलाइतके होते आणि मुद्दल मात्र जागचे हलत नाही. या कायद्याने चक्रवाढ व्याजाला बंदी आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करावयाचे नाही हा दामदुपटीचा जुना नियमही त्यात आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती व खात्याचा उतारा मागणे हा आपला अधिकार आहे. अवैध सावकाराविरुद्ध तक्रार तालुक्याच्या ठिकाणी सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करावयाची असते. कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतले गेले असेल, तर चौकशी करून तो व्यवहार रद्द ठरविण्याचा व मालमत्ता परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास आहे. त्यास मुदतीचे बंधन असल्याने अशा बाबतीत एक दिवसही दवडू नये.

दुसरा धनको म्हणजे महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या व बँका. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. म्हणून कित्येक भगिनी निबंधकाच्या कचेरीतून रिकाम्या हाताने परत येतात आणि आपणांस कायदाच नाही असे समजतात. कायदा आहे, पण त्याचे दार वेगळे आहे. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेल्या विनातारण कर्जासंबंधी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले. सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. ज्या घरात महिन्यास १२,००० रुपये येतात तेथे ६,००० हून अधिक हप्ता बसेल असे नवे कर्ज देणे हाच कंपनीचा नियमभंग आहे. कर्जाचे कार्ड कर्जदारास समजेल अशा भाषेत दिले पाहिजे. कर्जासोबत विमा घेण्याची सक्ती नाही. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड नाही, आणि थकल्यास दंड फक्त थकलेल्या रकमेवर आकारावयाचा, संपूर्ण कर्जावर नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हावयाची. कर्जदार लागोपाठ दोनदा तेथे आला नाही, तरच घरी येता येते. सकाळी नऊच्या आधी व सायंकाळी सहाच्या नंतर फोन करावयाचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना व शेजाऱ्यांना त्रास देणे, चारचौघांत नाव पुकारणे यांस सक्त मनाई आहे. वस्तीत रात्री आठ वाजता येऊन ओसरीवर ठाण मांडणारा माणूस नियम मोडीत असतो, ही गोष्ट त्याच्या तोंडावर सांगण्याइतकी माहिती प्रत्येक भगिनीजवळ असली पाहिजे.

तिसरा धनको म्हणजे सोसायटी, जिल्हा सहकारी बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँक. यांच्याविषयी आपल्या मनात भीती अधिक, परंतु सर्वांत स्वस्त कर्ज येथेच मिळते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास व्याजाचा बोजा पडत नाही. असे कर्ज थकवून सावकाराचे शेकडा पाचचे कर्ज आधी फेडणारे बांधव मी पाहतो, तेव्हा मन विषण्ण होते. ते असे का करतात? सावकार रोज दारात येतो आणि बँक येत नाही, म्हणून! कर्ज फेडण्याचा क्रम धनकोच्या आवाजावरून ठरविणे हीच आपली मोठी चूक आहे.

चौथा धनको अदृश्य आहे. तो मोबाईलमध्ये राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जाची रक्कम कर्जदाराच्या खात्यात सरळ जमा झाली पाहिजे, कर्ज देणारी संस्था कोणती हे आधी कळविले पाहिजे, आणि फोनमधील नातलगांचे क्रमांक व छायाचित्रे चाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. जो संस्थेचे नाव सांगत नाही आणि आधी फोनची यादी मागतो त्याच्याकडून एक पैसाही घेऊ नये.

आता ही सल्ल्याची दारे कोणती ते सांगतो.

पहिले दार तुमसरच्या न्यायालयाचे. १९८७ साली झालेला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेला विधी सेवा प्राधिकरण कायदा आपण नीट समजून घ्या. त्याखाली भंडाऱ्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुक्यास तालुका विधी सेवा समिती असते, आणि तालुका समितीचे अध्यक्ष तेथील ज्येष्ठ न्यायाधीश असतात. या कायद्याच्या १२ व्या कलमात अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, सर्व स्त्रियांना, मुलांना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत विधी सेवेचा हक्क दिला आहे. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या समाजातील बांधवांच्या मनात येथे एक शंका उठते. आम्ही धर्मांतर केले, तेव्हा अनुसूचित जातीचा हक्क आम्हांस उरला काय? उरला आहे. १९९० साली केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा त्यात स्पष्ट समावेश केला. जातीचे प्रमाणपत्र त्याप्रमाणे काढून ठेवलेले असावे, एवढीच दक्षता घ्यावी. भगिनींस तर तेही दाखविण्याचे कारण नाही; स्त्री असणे एवढाच त्यांचा हक्काचा आधार पुरेसा आहे.

या समितीकडून काय मिळते? सल्ला मिळतो, अर्ज व नोटिशीचे उत्तर लिहून मिळते, वकील मिळतो, कोर्टाची फी भरावी लागत नाही, आणि प्रकरण दाव्यापूर्वीच लोकअदालतीत ठेवून समेट घडविता येतो. लोकअदालतीतील निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते. म्हणून तेथे हप्ता कबूल करताना आपणांस खरोखर झेपेल तोच आकडा सांगावा. भिडेखातर मान हलवू नये. भंडाऱ्यापर्यंत जाणे न जमल्यास १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येते.

दुसरे दार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका व वित्तीय कंपन्यांसाठी एकच एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. आधी संबंधित बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करावयाची व तिची पोच जपून ठेवावयाची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाकडे जावयाचे. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

तिसरे दार बँकांच्या वित्तीय साक्षरता केंद्रांचे. प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक असते; भंडाऱ्यासाठी ती बँक ऑफ इंडिया आहे. याच बँकेने 'अभय' या नावाने कर्जसल्ल्याची केंद्रे काढली होती, आणि त्या नावातच कर्जदारास प्रथम कशाची गरज असते ते आले आहे. घरखर्चाचा ताळेबंद कसा मांडावा, थकलेल्या कर्जाची पुनर्रचना कशी मागावी, हे बँकेच्या सल्लागारास विचारण्यात कमीपणा नाही. तो त्या कामासाठीच नेमलेला असतो. भगिनींना 'उमेद' व महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्या गटांतूनही असे मार्गदर्शन मिळू शकते.

परंतु कोणत्याही दारात रिकाम्या हाताने जाऊ नये. आधी घरी बसून एक वही करावी. नवरा-बायको व कमावती मुले यांनी एका रात्री एकत्र बसावे आणि प्रत्येकाने आपले कर्ज त्या वहीत लिहावे. कोणाकडून घेतले, किती, केव्हा, व्याज काय ठरले, आजवर किती दिले, कोणत्या कागदावर सही केली, तारण काय ठेवले, कोण जामीन राहिले. दुसऱ्या पानावर महिन्याची आवक व खाण्यापिण्याचा, औषधाचा, शाळेचा खर्च लिहावा. मग जे उरते तेच कर्जफेडीसाठी आहे. ज्या कर्जास घर, जमीन किंवा दागिना अडकला आहे ते व ज्याचे व्याज जबर आहे ते आधी पाहावे. ही वही म्हणजे अर्धा सल्ला होय. ती नसेल तर न्यायाधीशही आपणांस काय सांगणार?

काही गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर व कोऱ्या चेकवर सही करू नये. चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा आहे, त्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याची नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरण्यास पंधरा दिवसच मिळतात. ती नोटीस आढ्याला खोचून ठेवू नये. त्याच दिवशी तुमसर गाठावे. साधे हातउसने कर्ज असेल तर दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षे असते, परंतु त्या मुदतीत कर्ज कबूल केल्याची नवी सही दिली की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. म्हणून जुन्या कर्जाच्या नव्या कागदावर वकिलास विचारल्यावाचून अंगठा उमटवू नये. आणि एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज घेणे म्हणजे बोडी फुटली असता त्याच बोडीतील माती उकरून बांध घालण्यासारखे आहे.

भीतीचे भांडवल करणारे पुष्कळ आहेत. "तुला तुरुंगात टाकतो, तुझी भांडीकुंडी उचलून नेतो" असे दरडावले जाते. याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. तिच्या ६० व्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व उपजीविकेपुरती जनावरे व बी-बियाणे, मजुराची मजुरी आणि शेतकऱ्याचे वा मजुराचे राहते घर यांवर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्ती आणता येत नाही. घर गहाण टाकले असेल तर गोष्ट निराळी, आणि म्हणूनच ते गहाण टाकू नये. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही. आणि ज्याच्याजवळ खरोखर काही नाही त्याला केवळ गरिबीसाठी तुरुंगात घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले. कर्जापोटी माणसास राबवून घेणे तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरलेले असून त्या कायद्याने असे वेठीचे कर्जच नाहीसे केले आहे.

यावर कोणी म्हणतील की, अशी माहिती देऊन तुम्ही लोकांस कर्ज बुडविण्यास शिकवीत आहात. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. घेतलेले मुद्दल फेडणे हे सदाचरणाचे अंग आहे, आणि कर्ज बुडविणाऱ्यामुळे पुढच्या गरजवंतास कर्ज मिळेनासे होते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात गटांच्या कर्जाची वसुली ठिकठिकाणी थांबली, आणि कर्जे माफ होणार अशा वावड्या उठल्या. त्या वावड्यांवर विसंबलेल्यांचे कर्ज माफ झाले नाही. उलट थकबाकीदार म्हणून नाव नोंदले जाऊन बँकेचे दार बंद झाले आणि सावकाराचे उघडले. म्हणून आज कोणी शंभर-दोनशे रुपये नोंदणी घेऊन 'कर्जमुक्ती' मिळवून देतो म्हणाला, तर त्यास हाकलून द्या. खरा सल्लागार पैसे मागत नाही आणि कर्ज नाहीसे करण्याचे वचनही देत नाही. तो खोटे व्याज व खरे मुद्दल वेगळे करून दाखवितो आणि झेपेल असा हप्ता ठरवून देतो. अशा सल्ल्याने कर्ज बुडत नाही. ते फिटण्याजोगे होते.

आणि नीतीचा प्रश्न काढावयाचाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी काढावा लागेल. २०१६ साली देशात दिवाळखोरीची नवी संहिता झाली. तिच्याखाली मोठ्या कंपन्यांची हजारो कोटींची कर्जे तडजोडीने मिटविली गेली. त्याच संहितेत अत्यंत गरीब कर्जदारास 'नवी सुरुवात' देणारे एक प्रकरण आहे. ज्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून अधिक नाही, मालमत्ता २०,००० हून अधिक नाही, कर्ज ३५,००० हून अधिक नाही व स्वतःचे घर नाही, अशास त्याचा आधार मिळावयाचा होता. हे प्रकरण कागदावर राहिले आहे; ते अमलात आलेले नाही. श्रीमंताच्या दिवाळ्यास कायद्याने वाट करून दिली आणि पस्तीस हजारांच्या कर्जदाराची वाट मात्र अडवून धरली, याचा जाब आपण आपल्या लोकप्रतिनिधींस विचारला पाहिजे. १९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्या भूमीतील मतदारांनी असा प्रश्न विचारणे शोभून दिसेल.

तसेच फुकट सल्ला हा खऱ्या अर्थाने फुकट नाही, हेही सांगितले पाहिजे. बावनथडीच्या काठच्या गावातून तुमसरला येण्यास गाडीभाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. ज्याच्या घरी आधीच तूट आहे, त्याला ही किंमतही जड जाते. म्हणून विधी सेवा समितीने आपले स्वयंसेवक ठरावीक दिवशी गावोगावी बसवावेत, निबंधकांच्या कचेरीत परवानाधारक सावकारांची यादी व व्याजाचे दर मोठ्या मराठी अक्षरांत दर्शनी भागी लावावेत, आणि बँकेच्या साक्षरता शिबिरात भाषणाऐवजी कर्जदाराची वही उघडून पाहावी, या तीन मागण्या आपण लेखी केल्या पाहिजेत. कायद्याने दिलेला हक्क मजुराच्या वस्तीपर्यंत चालत आला नाही, तर तो निम्माच दिला असे समजावे.

पण सरकारची वाट पाहत हात जोडून बसणे आपल्या परंपरेत बसत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. रविवारी वंदनेनंतर तासभर तेथे एक सतरंजी कर्जाच्या हिशेबासाठी अंथरा. शिकलेल्या दोन मुलांना व दोन मुलींना हे काम द्या. बँकेचे पासबुक वाचणे, गटाचे कार्ड वाचणे, व्याज मोजणे, तक्रारीचा अर्ज लिहिणे, आणि ज्यास वकील हवा त्याच्याबरोबर तुमसरच्या न्यायालयापर्यंत जाणे, एवढेच त्यांनी करावयाचे. त्यांनी स्वतः कायद्याचा निकाल सांगू नये, कोणाचा पैसा हाती घेऊ नये, आणि एका घरचा आकडा दुसऱ्या घरी बोलू नये. हा तिसरा नियम मोडला तर ती सतरंजी दुसऱ्या रविवारी गुंडाळावी लागेल, कारण वस्तीत चर्चा होईल या धास्तीनेच माणसे आज गप्प आहेत.

याच विहारात खर्चाचीही उजळणी व्हावी. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, आणि चौथा अडीअडचणीसाठी शिलकीत. आपण लग्नविधी साधा केला, हुंडा व कर्मकांड टाकले असे अभिमानाने म्हणतो; मग मांडवाच्या रोषणाईसाठी व वाजंत्रीसाठी शेकडा पाचने पैसा काढणे हे कोणत्या साधेपणात बसते? ज्यास महिन्याची मजुरीच पुरत नाही त्यास शिलकीचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल हे मी जाणतो. परंतु जो खर्च केवळ चार लोकांच्या डोळ्यांसाठी होतो, तो थांबविणे आपल्याच हाती आहे.

तेव्हा वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक निश्चय करा. आज रात्री दिवाबत्तीनंतर घरातील सर्वांनी मिळून ती वही उघडावी. कोणी कोणास बोल लावू नये, कोणी रडू नये. नुसते आकडे लिहावेत. आणि ज्या दिवशी रोवणीचे काम नसेल त्या दिवशी ती वही काखोटीस मारून, सर्व कागद सोबत घेऊन, तुमसरच्या न्यायालयाची पायरी चढावी. आजवर त्या पायरीवर आपणांस ओढून नेले जात असे. आता आपण आपल्या पायांनी, आपला हक्क मागण्यासाठी जाणार आहोत. मान ताठ ठेवून आत जा आणि तेथील कारकुनास विचारा, "विधी सेवा समिती कोठे बसते?"